बारावीनंतर दातांच्या दवाखान्यात करिअर: कोर्स कोणता, काम काय, नोकरी कुठे? पैसे भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की आठ दिवसांत मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. 'सहा महिन्यांत डेंटल डिप्लोमा', 'शंभर टक्के नोकरीची हमी', 'आज प्रवेश घ्या, फीमध्ये सूट'. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतात. सायन्सला गेलेली, पण मेडिकलला नंबर न लागलेली मुलं-मुली हे बघतात आणि घरी विषय काढतात. घरचेही विचार करतात, पोरगी दवाखान्यात लागली तर बरंच आहे. मग कुणी सोनं गहाण ठेवतं, कुणी दुभती म्हैस विकतं, कुणी पतसंस्थेतून कर्ज उचलतं.

दोन वर्षांनी काही घरांत पगार सुरू होतो. काही घरांत मात्र नुसतं रंगीत सर्टिफिकेट राहतं, जे कुठल्याच सरकारी भरतीत चालत नाही. या दोन घरांत फरक पडतो तो हुशारीमुळे नाही, तर प्रवेश घेण्याआधी विचारलेल्या चार प्रश्नांमुळे. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरशिवाय कोणकोणती कामं असतात, त्यासाठी कोणतं शिक्षण लागतं, कायदा काय म्हणतो आणि नोकरीची खरी परिस्थिती काय आहे, ते सविस्तर बघूया.

दवाखान्यात डॉक्टरशिवाय कोण कोण असतं?

दातांच्या दवाखान्यात गेलं की आपल्याला डॉक्टर दिसतात आणि शेजारी उभी असलेली एक व्यक्ती दिसते. आपण तिला सरसकट 'नर्स' किंवा 'कंपाउंडर' म्हणतो. प्रत्यक्षात इथे तीन वेगवेगळी कामं आहेत आणि तिन्हींचं शिक्षण वेगळं आहे.

पहिलं काम डेंटल असिस्टंटचं, म्हणजे दंत सहायकाचं. पेशंटला खुर्चीत बसवणं, डॉक्टरच्या हातात योग्य वेळी योग्य अवजार देणं, तोंडात साचणारं पाणी आणि थुंकी सक्शनच्या नळीने ओढून घेणं, दातात भरायचं सिमेंट कालवणं, अवजारं निर्जंतुक करणं, अपॉइंटमेंट आणि केसपेपर सांभाळणं. हा माणूस पेशंटच्या दातावर स्वतः उपचार करत नाही.

दुसरं काम डेंटल हायजिनिस्टचं. सरकारी जाहिरातीत याला 'दंत आरोग्यक' असा शब्द येतो. दातांवर बसलेलं कीटण काढणं, दात स्वच्छ करून पॉलिश करणं आणि दात-हिरड्यांची निगा कशी राखायची हे लोकांना शिकवणं, हे त्याचं काम. म्हणजे हायजिनिस्ट पेशंटच्या तोंडात स्वतः हात घालून काम करतो. म्हणूनच त्याला नोंदणी लागते.

तिसरं काम डेंटल मेकॅनिकचं, सरकारी भाषेत 'दंत यांत्रिकी'. हा पेशंटसमोर फारसा येत नाही. डॉक्टरने घेतलेल्या मापावरून कवळी, दाताची टोपी, ब्रिज, वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या प्लेटा लॅबमध्ये तयार करणं आणि दुरुस्त करणं हे त्याचं काम. ज्याचा हात बारीक कामात बसतो, सोनारकाम किंवा मूर्तिकाम ज्याला आवडतं, त्याच्यासाठी ही लाईन चांगली.

जाहिरातवाले या तिन्हींची खिचडी करून एकच 'डेंटल डिप्लोमा' विकतात. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा कोर्स असिस्टंटचा, हायजिनिस्टचा की मेकॅनिकचा?

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात दातांच्या क्षेत्रासाठी १९४८ साली डेंटिस्ट्स ॲक्ट झाला. या कायद्यात फक्त डॉक्टरच नाहीत. दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा तिघांचीही व्याख्या त्यात आहे आणि तिघांची नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे होते. आपल्याकडे ही परिषद म्हणजे मुंबईतली महाराष्ट्र राज्य दंत परिषद. कोर्सला मान्यता देण्याचं काम वर्षानुवर्षं भारतीय दंत परिषद करत आली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. जुन्या परिषदेच्या जागी आयोग आणण्यासाठी हा कायदा आहे. त्यामुळे कॉलेजला मान्यता विचारताना 'ज्या वर्षी मी प्रवेश घेतोय, त्या वर्षाची मान्यता दाखवा' असंच विचारायचं. दहा वर्षांपूर्वीचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असलं, तरी त्यावर जाऊ नये.

साध्या भाषेत सांगायचं तर, मान्यता नसलेल्या संस्थेतून हायजिनिस्टचा कोर्स केला तर परिषदेत नोंदणी होत नाही. नोंदणी नाही तर हायजिनिस्ट म्हणून काम करण्याचा हक्क नाही. सर्टिफिकेटवर शिक्का कितीही मोठा असो.

दंत सहायकाची गोष्ट वेगळी आहे. १९४८ च्या कायद्यात हायजिनिस्ट आणि मेकॅनिकसारखं असिस्टंटचं रजिस्टर नाही. म्हणून हे काम कमी मुदतीचं प्रशिक्षण घेऊन किंवा दवाखान्यात राहून शिकता येतं. तालुक्याच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी मुली अशाच, डॉक्टरच्या हाताखाली शिकलेल्या असतात.

कोर्स आणि पात्रता

डेंटल हायजिनिस्टचा मान्यताप्राप्त कोर्स दोन वर्षांचा आहे. त्यासाठी बारावी सायन्स लागतं आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे विषय लागतात. इथेच अनेकांचं चुकतं. बारावीला बायोलॉजी सोडून गणित घेतलेलं असेल, तर अर्जच बाद होतो. दहावीनंतर विषय निवडतानाच हे डोक्यात ठेवायला हवं.

डेंटल मेकॅनिकचा कोर्सही दोन वर्षांचा. त्यालाही बारावी सायन्सची अट असते. यात दातांची रचना, प्लास्टर, मेण, ॲक्रेलिक, धातू, सिरॅमिक अशा वस्तूंचं शिक्षण आणि लॅबमधलं हातकाम जास्त असतं.

नीटचे मार्क लागतात ते बीडीएससाठी, म्हणजे दातांचा डॉक्टर होण्यासाठी. तो कोर्स चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप असा पाच वर्षांचा आहे. हायजिनिस्ट आणि मेकॅनिकच्या कोर्सला प्रवेश साधारणपणे बारावीच्या मार्कांवर आणि आरक्षणाच्या नियमाने होतो.

डेंटल असिस्टंटसाठी केंद्र सरकारच्या कौशल्य विकास व्यवस्थेत 'डेंटल असिस्टंट' नावाचा जॉब रोल आहे. आरोग्य क्षेत्राची कौशल्य परिषद तो चालवते. हा कमी मुदतीचा कोर्स आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली एखाद्या केंद्रात तो चालू असेल, तर प्रशिक्षणाची फी उमेदवाराकडून घेतली जात नाही. म्हणून कुणी 'सरकारी स्किल कोर्स' म्हणून मोठी फी मागत असेल, तर तिथेच थांबून चौकशी करायची. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात, म्हणजे पूर्वीच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये, जिल्ह्यात कोणतं केंद्र खरंच मंजूर आहे ते समजतं.

चौकशी सुरू कुठून करायची?

राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे जुनी सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत महापालिकेचं नायर हॉस्पिटल दंत महाविद्यालयही आहे. याशिवाय खासगी दंत महाविद्यालयं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. हायजिनिस्ट-मेकॅनिकच्या कोर्सची चौकशी आधी या सरकारी कॉलेजांत करावी. जागा थोड्या असतात आणि प्रवेशाची नोटीस फार गाजावाजा न करता निघते. निकालानंतर दर आठवड्याला कॉलेजची वेबसाईट बघणं आणि विद्यार्थी शाखेत फोन करून विचारणं, एवढं तरी करावंच.

कागदपत्रं आधीच तयार ठेवा: दहावी-बारावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं. तहसीलचा दाखला निघायला वेळ लागतो आणि निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात. जात पडताळणीला तर कधी कधी महिने जातात. दाखला नसल्याने राखीव जागा हातची गेली, अशी उदाहरणं दरवर्षी होतात. हा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच टाकलेला बरा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर त्या कॉलेजचा तो कोर्स यादीत दिसतो का, हेही प्रवेशाआधीच बघायचं. यादीत नसेल तर पूर्ण फी खिशातून जाणार, हे धरूनच हिशोब करायचा.

दोन वर्षांत शिकवतात काय?

बऱ्याच जणांना वाटतं, दात घासायला शिकायला दोन वर्षं कशाला? पण अभ्यासक्रम बघितला की कळतं.

सुरुवात दातांच्या ओळखीपासून होते. मोठ्या माणसाला ३२ दात आणि लहान मुलाला २० दुधाचे दात. पण दवाखान्यात 'उजवीकडची मागची दाढ' असं बोलून चालत नाही. प्रत्येक दाताला नंबर असतो. तोंडाचे चार भाग करतात: पेशंटच्या वरच्या उजव्या भागाला १, वरच्या डाव्या भागाला २, खालच्या डाव्या भागाला ३ आणि खालच्या उजव्या भागाला ४. मग मधल्या दातापासून मागे १ ते ८ मोजत जायचं. डॉक्टर 'तीन-सहा' म्हणाले, तर खालच्या डाव्या बाजूचा सहावा दात, म्हणजे पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांसाठी हेच भाग ५, ६, ७, ८ होतात. केसपेपरवर एक आकडा चुकला तर भलत्याच दाताचा एक्स-रे निघू शकतो. म्हणून पहिल्या महिन्यात हेच घोटून घेतात.

ही पहिली मोठी दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि ती कायमची असते. गावाकडे बहुतेक आई-वडिलांना ती दुधाची वाटते, 'पडेलच की' म्हणून सोडून देतात आणि दहाव्या-बाराव्या वर्षी ती किडून काढावी लागते. हे एका वाक्यात आईला पटवून देणं हासुद्धा हायजिनिस्टच्या कामाचाच भाग आहे.

मग येतं कीटण. दातांवर रोज एक चिकट थर बसतो. ब्रशने तो निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे तो कडक होतो आणि दगडासारखा चिकटतो. तो मग ब्रशने निघत नाही, अवजारानेच काढावा लागतो. तसाच राहिला तर हिरडी सुजते, रक्त येतं, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि कीड नसतानाही चांगला दात हलायला लागतो.

गावात एक समज पक्का आहे: 'दात साफ केले की हलायला लागतात.' हायजिनिस्टला हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. खरं असं आहे की, हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या थरामुळे दात एकमेकांना चिकटून घट्ट वाटत असतात. थर निघाला की आधीची हालचाल उघडी पडते. दोन दातांमध्ये जिथे कीटण भरलेलं होतं, तिथे फट दिसते आणि काही दिवस गार पाणी झोंबतं. सफाईने दात सैल होत नाहीत. उलट वेळेवर केली तर ते वाचतात. पेशंटला हे सफाईच्या आधी सांगितलं तर तो परत येतो. नंतर सांगितलं तर त्याला ती सबब वाटते.

निर्जंतुकीकरण: इथे चूक चालत नाही

असिस्टंट असो की हायजिनिस्ट, ज्याच्या हातात अवजारं आहेत त्याच्या हातात पेशंटचा जीव आहे. एका तोंडातलं रक्त दुसऱ्या तोंडात गेलं तर हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, एचआयव्ही पसरू शकतो. म्हणून अवजारं नुसती पाण्यात उकळून भागत नाही. काही जंतूंची बीजं उकळत्या पाण्यातही टिकतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. हा एक प्रकारचा मोठा प्रेशर कुकरच. त्यात १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ पौंड दाब किमान १५ ते २० मिनिटं टिकवावा लागतो. त्याआधी अवजार घासून, धुऊन, कोरडं करून पाकिटात बंद करायचं. रक्त सुकून चिकटलेलं अवजार तसंच टाकलं तर वाफ आतपर्यंत पोचत नाही.

कचऱ्याचेही नियम आहेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताचा कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, वापरलेले हातमोजे आणि प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, तर काच निळ्या खोक्यात जाते. हा कचरा ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत टाकायचा नसतो.

काम करणाऱ्याची स्वतःची काळजी तेवढीच महत्त्वाची. या क्षेत्रात पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटीस बी ची लस घ्यावी. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. हाताला सुई टोचलीच तर जागा दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच डॉक्टरला सांगायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. ती सरकारी रुग्णालयात मिळतात. 'मॅडम रागावतील' म्हणून लपवून ठेवलं, तर नुकसान आपलंच.

एक्स-रे काढतानाही तसंच. फिल्म पेशंटच्या तोंडात धरून उभं राहायचं नसतं. ती पेशंटने स्वतः किंवा होल्डरने धरायची. मालकाने सांगितलं तरी याला नाही म्हणायचं.

मिश्री, गुटखा आणि तोंडाचा कॅन्सर

ग्रामीण महाराष्ट्रात या कामाचं मोल शहरापेक्षा जास्त आहे, त्याचं कारण तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. बायका सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती 'दात घासायला' लावतात म्हणून तिला कुणी व्यसन मानत नाही. डॉक्टरने विचारलं 'तंबाखू खाता का?' तर बाई 'नाही' म्हणते, आणि ते ती खोटं बोलत नसते. हाच प्रश्न गावातल्याच मुलीने 'मावशी, मिश्री लावता का?' असा विचारला, तर खरं उत्तर मिळतं.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, तिखट अजिबात सहन न होणं, अशी लक्षणं दिसली की पेशंटला तपासणीला पाठवायचं, हे प्रशिक्षणात शिकवतात. रोगाचं निदान करणं हायजिनिस्टचं काम नाही. पण पहिली नजर बरेचदा त्याचीच पडते. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर उपचार सोपे असतात आणि माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते.

विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. ते कीटण नसतं, घासून किंवा सफाईने जात नाही. तिथे घासण्यापेक्षा पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घ्यायला सांगणं जास्त उपयोगाचं.

नोकरी कुठे आणि किती? खरं चित्र

सरकारी बाजूने बघितलं तर २०१४-१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालय आणि त्याखालच्या रुग्णालयांत दंत विभाग उभे करायचे, त्यासाठी खुर्ची, यंत्रं, साहित्य आणि माणसं द्यायची, असा तो कार्यक्रम. माणसांत डेंटल सर्जनबरोबर हायजिनिस्ट आणि असिस्टंटही धरलेले आहेत. या जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कराराने भरल्या जातात. जाहिरात जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या वेबसाईटवर येते. करार ठरावीक मुदतीचा असतो आणि तो पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावा लागतो. ही कायम नोकरी नाही, हे समजून घ्यावं.

कायमच्या जागा आरोग्य विभागाच्या गट क भरतीत निघतात, पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. रेल्वेचं उदाहरण बोलकं आहे. २०२४ च्या रेल्वे पॅरामेडिकल भरतीत एकूण १,३७६ जागा होत्या. त्यात डेंटल हायजिनिस्टच्या होत्या अवघ्या ३. त्यासाठीची अटही बघण्यासारखी: बायोलॉजीसह विज्ञानाची पदवी, मान्यताप्राप्त संस्थेतला दोन वर्षांचा डेंटल हायजीनचा डिप्लोमा आणि दोन वर्षांचा अनुभव. म्हणजे 'आमचा कोर्स करा, रेल्वेत लागा' असं सांगणारा माणूस अर्धंच सांगतो. मोठ्या भरतीवर डोळा असेल तर कोर्सबरोबर बीएस्सीचाही विचार करावा लागतो.

सैन्यदलात आर्मी डेंटल कोअर आहे, तिथेही डॉक्टरांच्या मदतीला प्रशिक्षित सहायक, हायजिनिस्ट आणि तंत्रज्ञ असतात. पण त्याची वाट सैन्य भरतीतून जाते.

बाकीच्या बहुतेक नोकऱ्या खासगीच आहेत. शहरातले मोठे दवाखाने, दवाखान्यांच्या साखळ्या, दंत महाविद्यालयं, डेंटल लॅब आणि दातांचं साहित्य विकणाऱ्या कंपन्या. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक डॉक्टर दातांची सफाई स्वतःच करतात, त्यामुळे त्यांना हायजिनिस्टपेक्षा असिस्टंटची गरज जास्त असते आणि पगारही बेताचा असतो. हायजिनिस्टला खरी मागणी शहरात. म्हणजे पुणे-मुंबई-नाशिककडे जायची तयारी आहे का, राहण्या-खाण्याचा खर्च वजा जाता हातात काय उरेल, हा हिशोब घरात आधीच व्हावा. मुलीला बाहेर पाठवायचंच नाही असं ठरलेलं असेल, तर दोन वर्षं आणि फी कशासाठी घालवायची, हेही तेव्हाच बोलून घ्यावं.

मेकॅनिकचं गणित थोडं वेगळं. अनुभव आल्यावर स्वतःची लॅब टाकता येते आणि चार-पाच तालुक्यांतल्या डॉक्टरांचं काम घेता येतं. यंत्रांचा खर्च मोठा असतो आणि आता बरंच काम कॉम्प्युटरवर डिझाईन होऊन मशीनवर कापलं जातं. म्हणून ज्या कॉलेजात फक्त मेण आणि प्लास्टर शिकवतात, तिथून बाहेर पडलेल्याला डिजिटल काम वेगळं शिकावं लागतं.

हद्द ओलांडली तर

कोर्स झाल्यावर एक मोह होतो. गावात डॉक्टर नाही, लोक ओळखीचे आहेत, दोन अवजारं घेतली की 'दातांचा दवाखाना' सुरू. हायजिनिस्टने दात काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनल करणं, भूल देणं हे कायद्यात बसत नाही. त्याने डेंटिस्टच्या देखरेखीखाली काम करायचं असतं. मेकॅनिकनेही पेशंटचं तोंड तपासून थेट कवळी बसवायची नसते.

हा नुसता कागदी नियम नाही. पेशंटला रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, शुगर वाढलेली असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, तर साधी सफाईसुद्धा डॉक्टरला विचारूनच करावी लागते. दात काढल्यावर रक्त थांबलं नाही, तर रात्री दोन वाजता त्या माणसाला घेऊन जायचं कुठे? जत्रेत, बाजारात बसून दात काढणाऱ्यांकडे जाऊ नका असं गावाला सांगायचं, तर आपणच तो रस्ता धरून चालत नाही.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: या कोर्सला यंदाची मान्यता कुणाची आहे? पत्राची प्रत द्या. प्रत दिली नाही तर उठून यायचं.

दुसरा: इथून पास झालेल्यांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी होते का? झालेल्या एका तरी विद्यार्थ्याशी बोलणं करून द्या. शंका असेल तर परिषदेकडे थेट विचारणा करता येते. संस्थेच्या एजंटच्या शब्दावर थांबू नका.

तिसरा: प्रॅक्टिकल कुठे होतं? दंत महाविद्यालयात किंवा चालू रुग्णालयात होत असेल तर ठीक. दुकानाच्या गाळ्यात एक जुनी खुर्ची आणि प्लास्टिकचे दात एवढंच असेल, तर तिथे हात बसणार नाही.

चौथा: पूर्ण फी किती? परीक्षा फी, युनिफॉर्म, साहित्य, हॉस्टेल धरून आकडा लेखी घ्या. प्रत्येक रकमेची पावती घ्या. पावतीवर संस्थेचं नाव असावं, एजंटच्या खात्यावर ऑनलाईन पैसे टाकू नयेत.

पाचवा: ओरिजिनल कागदपत्रं कधी परत मिळणार? काही ठिकाणी ती अडकवून ठेवतात आणि मध्येच सोडायचं म्हटलं तर उरलेली फी मागतात. देण्याआधी सगळ्याच्या झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा आणि दिलेल्या कागदांची पोच घ्या.

'नोकरीची हमी' हा शब्द ऐकला की ती हमी लेखी मागा. पदाचं नाव, पगार आणि ठिकाण यांसह. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

आधी आठ दिवस बघून या

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे फी भरण्याआधी जवळच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विनंती करायची: 'सर, मला हा कोर्स करायचाय, आठ दिवस फक्त बघू द्या.' बरेच डॉक्टर नाही म्हणत नाहीत. रक्त, थुंकी, तोंडाचा वास आणि दिवसभर उभं राहणं आपल्याला झेपतं का, हे त्या आठ दिवसांत कळतं. रडणाऱ्या लहान मुलाला खुर्चीत बसवता येतं का, वैतागलेल्या म्हाताऱ्या बाबांशी गोड बोलता येतं का, तेही कळतं. झेपलं, तर कोर्सला जायचं आणि पहिल्या दिवसापासून इतरांपेक्षा दोन पावलं पुढे असायचं. नाही झेपलं, तर दोन वर्षं आणि घरचं सोनं वाचलं.

ग्रामीण भागात बहुतेक लोक दात ठणकायला लागल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि तोवर दात काढण्याशिवाय फार काही उरलेलं नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येऊन मुलांचे दात बघतात, पण ती वर्षातून ठरावीक वेळाच येतात. रोजच्या रोज सांगणारा, ओळखीचा, शिकलेला माणूस तालुक्यात असेल तर त्याचा फायदा कुटुंबाच्या पगारापुरता राहत नाही. मात्र तो माणूस खरंच शिकलेला आणि नोंदणी झालेला असला पाहिजे. निकालाच्या गडबडीत फॉर्म भरण्याआधी मान्यतेचं पत्र हातात घेऊन वाचा, घरात मोठ्याने वाचून दाखवा, मगच सही करा.